धोंडा क्रमांक दोनशे चौदा

वहिनी,

तुझ्या स्मरणसभेत मी भांडले. आधी तेच सांगून टाकते. दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तू चष्मा कपाळावर सारून म्हणाली असतीस, "सुधा, दोन तास गप्प बसवत नाही का गं तुला?" नाही बसवत. माझ्या भावाशी लग्न करून तू आमच्या घरात आलीस त्या दिवसापासून तुला ते माहीत आहे.

तुझ्या गावातला, शुगर लँडमधला तो हॉल गच्च भरला होता. तुझ्या हॉस्पिटलमधली माणसं, मराठी मंडळ, निखिलचे मित्र. तुझ्या लेकाने पडद्यावर फोटो लावले होते. शेवटचा फोटो मी काढलेला, रेनकोट घालून गुडघाभर गवतात टेप धरून उभी असलेली तू. त्याखाली त्याने लिहिलं होतं, 'शी लव्ह्ड टू ट्रॅव्हल'. तेवढं मी गिळलं. मग मंडळाचे अध्यक्ष माइकवर आले. "शैलाताईंना दगडांची फार हौस. रिटायर झाल्यावर माणसाने एखादा छंद ठेवावा, हे त्यांच्याकडून शिकावं." लोक कौतुकाने हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले आणि जागेवरूनच म्हणाले, "हौस नव्हती ती. काम होतं. आयर्लंडमधल्या रॉसकॉमन नावाच्या काउंटीतल्या तीनशेच्या वर जुन्या जागा या बाईने शोधल्या, मोजल्या, लिहून काढल्या. वीस वर्षं. छंद म्हणायचं तर तुमच्या गराजमधल्या आगगाडीला म्हणा."

निखिलने मला हात धरून खाली बसवलं. "आत्या, प्लीज. नॉट टुडे." अध्यक्षांच्या गराजमध्ये खेळण्यातली आगगाडी खरोखरच आहे, रूळ, स्टेशन सगळं आहे, आणि ती त्यांनी फार मन लावून केली आहे. त्यामुळे नंतर मला वाईट वाटलं. पण फार नाही.

कॉफी घेताना तो ठरलेला प्रश्न आलाच. "पण सुधाताई, आयर्लंडच का? आपल्याकडे काय किल्ले-लेणी कमी आहेत?" वीस वर्षं हा प्रश्न तुला लोकांनी विचारला, आणि वीस वर्षं तू हसून सांगत राहिलीस, "तिकडचा पाऊस छान असतो." त्या हसण्याचाही मला राग यायचा. खरं उत्तर तू कुणाला दिलं नाहीस. स्वतःच्या मुलालाही नाही, म्हणून तो बिचारा 'ट्रॅव्हल' लिहून बसला. मला तरी कधी सांगितलंस? रॉसकॉमनच्या त्या तिसऱ्या खेपेला, भाड्याच्या गाडीत बसून पुदिन्याच्या चटणीचं सँडविच खाताना.

इथे अमेरिकेत यायच्या आधी तुझी पहिली नोकरी रॉसकॉमनमधल्या एका छोट्या हॉस्पिटलात होती. तू सव्वीस वर्षांची, दादा नागपुरात परीक्षा देत बसलेला. नोरा नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या घरात तुझी खोली. घरामागच्या कुरणात मातीचं एक गोल कडं होतं, पुरुषभर उंच, वर काटेरी झाडं. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी असल्या कड्याच्या आत शेतकरी कुटुंबं घर बांधून गुराढोरांसकट राहायची. पहिल्याच रविवारी तू तिकडे फिरायला निघालीस आणि नोराने तुझं कोपर धरलं. "डॉक्टर, आत जायचं नाही. माझ्या आजीनेही तिथली एक फांदी तोडली नव्हती." तू विचारलंस, तिथे कोण राहतं? ती म्हणाली, "त्यांचं नाव घेत नाहीत."

त्या दिवशी त्या देशात तुला पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं, असं तू मला सांगितलंस. हॉस्पिटलात तुझं नाव कुणाला धड उच्चारता येत नव्हतं, जेवण गळ्याखाली उतरत नव्हतं, आणि इथे एक बाई तुला अमुक झाडाजवळ जाऊ नको म्हणून बजावत होती, आपल्याकडची कुणीही मावशी बजावते तशी. ती दोन वर्षं तू त्या कड्याकडे खिडकीतून बघत काढलीस.

मग तू इथे आलीस, निखिल झाला, रात्रपाळ्या, घर, दादाचं आजारपण. दादा गेल्यावर आणि तू रिटायर झाल्यावर परत तिकडे गेलीस तेव्हा नोरा तर नव्हतीच, पण ते कडंही नव्हतं. कुणीतरी बुलडोझर फिरवून कुरण सपाट केलं होतं. जुन्या नकाशावर तिथे नुसतं एक बारीक वर्तुळ. किती रुंद होतं, बांध किती उंच, दार कुठल्या बाजूला, काही नाही. "सुधा, दोन वर्षं मी त्याच्यासमोर बसले होते," तू म्हणालीस. "आणि मी एकदाही मोजलं नाही."

सँडविच तसंच हातात धरून तू हे बोललीस. आता सांग, याला मी हौस म्हणू देऊ?

तुझी काम करायची रीतही मला त्या हॉलमध्ये सांगायची होती. हॉस्पिटल डिजिटल झालं तेव्हा फेकायला काढलेला, एक्स-रे लावून बघायचा तो दिव्याचा डबा तू घरी आणला होतास. त्याच्यावर आकाशातून काढलेले त्या शेतांचे फोटो तू पारदर्शक कागदावर छापून लावायचीस आणि तासन् तास बघायचीस. मला हिरव्या शेताशिवाय काही दिसायचं नाही. तू बोट ठेवायचीस, "इथे गवत किंचित गडद आहे. बघ, गोल फिरतंय. खाली बुजलेला खंदक आहे." छाती, गुडघे, कणे यांच्या सावल्या तू चाळीस वर्षं वाचल्यास, तशीच शेतं वाचलीस. मग दर मे महिन्यात आपण दोघी जाऊन ती जागा प्रत्यक्ष बघायचो. तू मोजायचीस, मी टेपचं दुसरं टोक धरायचे आणि चिखलाला शिव्या द्यायचे.

आणि प्रत्येक जागेचा रिपोर्ट, पेशंटचा लिहावा तसा. वर 'दिसलं ते', खाली 'वाटतं ते'. दोन्हींची सरमिसळ केलेली तुला खपायची नाही. कोणी पाहिलं त्याचं नाव. आणि शेवटची ओळ नेहमीची, 'जागेवर जाऊन खात्री करावी'. स्वतः जाऊन आलेल्या जागेलाही तू ती ओळ लिहायचीस. मी हसायचे. तू म्हणायचीस, "माझ्यानंतर कुणीतरी जाईल ना, त्याच्यासाठी आहे."

त्या यादीची तिथल्या एका ग्रंथालयाने वाट बघितली. पाठवा, आम्ही जपून ठेवू, लोकांना बघायला देऊ, असं त्यांनी तुला तीनदा लिहिलं. तू दर वेळी कळवलंस, थोडं राहिलं आहे. सात वर्षं थोडं राहिलं होतं. मी तुझ्यावर चिडायचे. माझ्या घरून, प्लेनोहून, दर रविवारी फोन करायचे आणि तुला झापायचे, "वहिनी, परफेक्ट करत बसलीस तर मरून जाशील." हे मी म्हणाले आहे. शब्दशः. आणि ओळखीच्यांना सांगत फिरले, शैलावहिनीला झालं असं कधी वाटतच नाही, स्वभावच तसा.

स्वभाव म्हणे.

आठ वर्षांपूर्वीचा तो धोंडा मी विसरले नव्हते. पण गेलेली गोष्ट म्हणून माझ्यापुरता तो मिटवून टाकला होता. शेताच्या कोपऱ्यात, बांधाला लागून, छातीएवढा उभा धोंडा. तू पन्नास पावलांवर नकाशा वाऱ्यात सावरत होतीस. मी त्याच्यासमोर आले आणि मला क्षणभरसुद्धा विचार करावा लागला नाही. बांधावर धोंडा उभा आहे आणि कोरडा आहे, हे बरं दिसेना. टिकली पडली तर असावी म्हणून पर्समध्ये पुण्याहून आणलेली ओल्या गंधाची बाटली होती. धोंड्याला टिळा लावला. पायाशी चार पिवळी रानफुलं ठेवली, वरच्या खळग्यात खडीसाखरेचा खडा ठेवला आणि हात जोडले.

तू आलीस आणि जागच्या जागी थांबलीस. "काय केलंस हे?"

"नमस्कार केला."

"अगं, हा गुरांना अंग घासायला उभा केलेला खांब असू शकतो. शे-दीडशे वर्षांचा."

"मग गुरांचा देव," मी म्हणाले.

तू हसली नाहीस. बाटलीतलं पाणी ओतून रुमालाने घासलंस. त्याने झालं काय, रुपयाएवढा टिळा तळहाताएवढा झाला आणि लाल रंग दगडावरच्या पांढऱ्या बुरशीत जाऊन बसला. तेव्हा तू मला ती नागपूरची गोष्ट सांगितलीस. शिकाऊ असताना एका बाईच्या एक्स-रेवर तू फुप्फुसात गाठ आहे असं लिहिलं होतंस. तो तिच्या मंगळसूत्राचा मणी होता, काढून ठेवायचा राहिलेला. "तीन दिवस ती बाई मरणार म्हणून रडत होती, सुधा. मण्यामुळे." मी म्हणाले, इथे कुणी रडणार नाही, पावसाने जाईल.

पावसाने गेलं नाही. पुढच्या मे महिन्यात आपण पाहिलं, त्या शेताच्या तारेला रंगीत फिती बांधलेल्या, धोंड्याच्या पायाशी मेणबत्त्या, खळग्यात नाणी. गावातल्या दुकानात एक पत्रक ठेवलं होतं. कुणा हौशी माणसाने लिहिलं होतं की या धोंड्यावर तांबडी खूण आहे, ताजी फुलं सापडली आहेत, म्हणजे हजारो वर्षांची पूजा इथे गुपचूप अजून चालू आहे. शेतमालक वैतागला होता. येणारे लोक फाटक उघडं टाकतात, दोन गायी रस्त्यावर गेल्या म्हणत होता. आणि खरं सांगू का वहिनी, मला त्या फिती बघून मनातून बरं वाटलं होतं. माझा देव लोकांनी मानला होता.

तू गाडीत बसलीस आणि म्हणालीस, "मी आज लिहिते त्या पत्रकवाल्याला."

"वेडी आहेस का? दोन ब्राऊन बायका आल्या आणि आमच्या दगडाला रंग फासून गेल्या, असं होईल ते. हल्ली वातावरण कसंय बघतेस ना? हसतील, नाहीतर चिडतील. यायची चोरी होईल. माझं नाव घालू नकोस, यार."

"मग कुणीतरी लावलं म्हणून लिहू? कुणीतरी लिहिलं की तो कुणीतरी दोन हजार वर्षांचा होतो. नाव लागतं, सुधा."

"बघू," मी म्हणाले.

"ठीक आहे. तुला विचारल्याशिवाय तुझं नाव लिहिणार नाही," तू म्हणालीस आणि गाडी सुरू केलीस. बस, एवढंच झालं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी गेले. घर विकायचं आहे. निखिल लांब बॉथेलला राहतो, त्याला सगळं दहा दिवसांत उरकायचं होतं. गराजसमोर कचऱ्याचा मोठा डम्पस्टर यायचा होता. "आत्या, यू टेक व्हॉटएव्हर यू वॉन्ट. आईचे ते बॉक्सेस, ऑनेस्टली, कोण वाचणार?" मी त्यालाही फैलावर घेतलं. वाईट मुलगा नाही तो, तुझ्या उशाशी अकरा दिवस बसला होता. पण मी त्याला म्हणाले, तुझी आई वीस वर्षं काय करत होती हे तू तिला एकदा तरी विचारलंस का? तो म्हणाला, "आय डिड. शी सेड द रेन इज नाइस."

मग आम्ही दोघं जमिनीवर बसून बॉक्स उघडायला लागलो. एकेका जागेची एकेक फाइल, क्रमाने, तुझ्या त्या ठसठशीत अक्षरात. सगळ्या पूर्ण. मी एकेक बघत गेले. थोडं राहिलं आहे म्हणजे नक्की काय राहिलं आहे, ते मला शोधायचं होतं. दोनशे तेरा पूर्ण. दोनशे पंधरा पूर्ण. मधली दोनशे चौदा. 'दिसलं ते' या मथळ्याखाली धोंड्याची उंची, जाडी, दिशा, आणि मग 'पूर्वेकडच्या अंगावर लाल डाग'. 'वाटतं ते' कोरं. त्याच्या मागे एक वेगळा कागद टाचलेला. त्यावर सात ओळी, दर वर्षाची एक, प्रत्येक ओळ जानेवारीतली.

'सुधाला विचारलं. बघू म्हणाली.'

सातही ओळी तशाच. अक्षर मात्र शेवटच्या दोन ओळींत थरथरलेलं.

तेव्हा मला आठवलं. दर जानेवारीत, मे महिन्याची तिकिटं काढायची बोलणी चालायची तेव्हा, फोन ठेवता ठेवता तू विचारायचीस, "आणि त्या धोंड्याचं काय करायचं गं?" मी एकीकडे भाजी परतत असायचे, नाहीतर हायवेवर असायचे. मी म्हणायचे, बघू. तो प्रश्न आहे हेच मला कधी कळलं नाही.

निखिलला मराठी वाचता येत नाही. त्याने खांद्यावरून पाहिलं. "सेम वर्ड सेव्हन टाइम्स. काय आहे ते?"

"बघू," मी वाचून दाखवलं.

"ओह," तो म्हणाला. "आई 'बघू' म्हणाली की इट मेंट नो."

मुलाला सहाव्या वर्षी कळलेली गोष्ट मला बाहत्तराव्या वर्षी त्याच्याकडून कळली. तुझी यादी कुणी अडवली होती? तुझ्या स्वभावाने नाही, ग्रंथालयाने नाही, त्या पत्रकवाल्यानेही नाही. मंडळाच्या अध्यक्षांवर मी भर सभेत ओरडले, आणि तुझं काम त्यांच्यापेक्षा जास्त मी बुडवलं.

पण म्हणून तुला सोडणार नाही मी. वहिनी, तू दुसऱ्याच्या छातीतली गाठ सांगताना कधी कचरली नाहीस. मग मला सरळ का नाही सांगितलंस की सुधा, तुझ्या एका टिळ्यापायी माझी वीस वर्षं पडून आहेत? मी भांडले असते. रडले असते. आणि मग हो म्हणाले असते, हे तुला माहीत होतं. एकदा गाडीत दिलेला शब्द, तोसुद्धा माझ्यासारख्या तोंडाळ नणंदेला, तो इतका पाळायचा असतो का? दोनशे चौदा वगळून बाकीच्या पाठवल्या असत्यास तरी चाललं असतं. पण तुला एक पान काढून टाकलेलं चालणार नव्हतं, आणि खोटं ठेवलेलंही. मी रविवारी रविवारी तुला झापत होते तेव्हा तू नुसतं "हो गं" म्हणायचीस. ते "हो गं" आठवलं की मला तुझा इतका राग येतो की रडू येतं.

दादा गेल्यावर मला घराबाहेर काढलंस तू. माझं इंग्रजी ऐकून लोक हसतात म्हणून मी कुठे बोलायचे नाही, तर तू मला शेतकऱ्यांच्या दारात उभं केलंस आणि म्हणालीस, विचार त्यांना शेतात गेलं तर चालेल का. त्यांनी मला चहा दिला, सोडा घातलेला ब्रेड दिला. तुझ्या रिपोर्टांत प्रत्येक पानावर माझं नाव आहे, ते मला त्या दिवशी बॉक्स उघडल्यावर कळलं. 'टेप धरली: सुधा.' तीनशे वेळा तू माझं नाव लिहिलंस, मला न विचारता. एकाच पानासाठी विचारलंस.

काल निखिलने फोन करून डम्पस्टर कॅन्सल केला. सगळं स्कॅन करून पाठवतो म्हणाला. दिव्याचा डबा त्याला हवाय. मे महिन्यात मला घेऊन जाशील का, असंही विचारलं त्याने. मी बघू म्हणणार होते, जीभ चावली.

दोनशे चौदाचं कोरं राहिलेलं मी आज सकाळी भरलं. तुझ्यासारखं नेमकं मला येत नाही, पण तुझ्या रीतीने लिहिलं. 'वाटतं ते: धोंडा गुरांना अंग घासायचा असावा. डाग जुना नाही. तो पुण्याच्या गंधाचा आहे, सुधाने लावला. पूजा खरी होती, पण एकाच बाईची आणि एकाच दिवसाची.' शेवटी 'जागेवर जाऊन खात्री करावी' लिहिलं. मग पान उलटून मागे टाचलेल्या कागदावर तुझ्या सात ओळींखाली तारीख घालून आठवी ओळ लिहिली.

'सुधाला विचारलं. पाठव म्हणाली.'